गाण्यांच्या फाइलींची देवाणघेवाण आणि गोवा

संगणकावरील गाण्यांच्या फाइली इंटरनेटवरून परस्परांना देण्याघेण्याची पद्धत. १९९९ ते २०१० हा तिच्या भरभराटीचा काळ. गोव्यात मात्र तारेवरून आलेल्या गाण्यापेक्षा हातोहात फिरलेले गाणे नेहमीच जास्त होते.

हातोहात देण्याची रीत इथे इंटरनेटच्या आधीची. १९९०च्या दशकात हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांतले डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेटी वापरत आणि नवे ट्रॅक एकमेकांना उतरवून देत. साध्या कॅसेटीत प्रतीची प्रत काढली की खरखर वाढते. डॅटमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असल्याने दहावी प्रतही पहिलीसारखीच वाजते. पुढचा सगळा तंटा या एका गुणामुळे उभा राहिला.

सीडीवरील आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट जागा घेतो, म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेली एमपी३ पद्धत कानाला एरवीही न जाणवणारे तपशील गाळून हे प्रमाण १२८ किलोबिटवर आणते. पाच मिनिटांचे गाणे ५ एमबीच्या आत बसते. ५६ के मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला ४-५ केबी मिळत, म्हणजे त्या एका गाण्याला पंधरा-वीस मिनिटे. भावगीताला हे परवडे. पण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या भूमीतल्या रसिकाला अर्ध्या तासाचा ख्याल हवा असे. त्याला जवळजवळ दोन तास लागत, तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, आणि पावसाळ्यात लाइन कधी तुटेल याचा नेम नाही. तुटलेले डाउनलोड जिथल्या तिथून पुढे सुरू करता येत नसेल, तर पुन्हा श्रीगणेशा.

शॉन फॅनिंगचे नॅपस्टर ही गाणी देण्याघेण्याची सेवा जून १९९९ मध्ये आली. फाइली लोकांच्या संगणकांवरच राहत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे. ही यादीच कॉपीराइटच्या खटल्यात तिच्या गळ्याशी आली आणि जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. पुढच्या ग्नुटेला या जाळ्याने मधली यादीच काढून टाकली. कझा या सेवेने फाइलीची ओळख पटवण्याचे काम वरवर उरकले: फाइलीचे पहिले ३०० केबी आणि पुढे ठरावीक अंतरांवरचे तुकडे तेवढे तपासायचे. मधला न तपासलेला भाग बिघडवून तीच ओळख कायम ठेवता येई. गाणे नीट सुरू होऊन मध्येच कर्कश आवाज येण्यामागे बहुधा हेच असे. ब्रॅम कोहेनच्या बिटटोरेंटने (२००१) प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासून ही फट बुजवली. मात्र पूर्ण फाइल असलेले सगळे जण निघून गेले, तर डाउनलोड ९८ टक्क्यांवर महिनोन्‌महिने लटकते.

मराठी गाण्यांची खरी अडचण शोधण्याची होती. एमपी३ फाइलीच्या शेवटी नाव-गायकासाठी १२८ बाइटची जुनी पट्टी असते. त्यात नावाला ३० अक्षरे, आणि देवनागरीची सोयच नाही. देवनागरीत भरलेले नाव दुसऱ्या संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन उघडे. म्हणून सगळे रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने. ‘अभिषेकी’च्या शेवटी एक आय लिहिला की दोन ई, यावर गाणे सापडणे-न सापडणे ठरे.

बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ मध्ये आले. काही योजनांत पहाटे दोन ते आठ डाउनलोड मोजले जात नसे, त्यामुळे संगणक रात्रभर चालू ठेवणे ओघाने आले. २५६ किलोबिटच्या जोडणीवर सहा तासांत जेमतेम ६५०-७०० एमबी, म्हणजे एका सीडीचा ऐवज. तो पुढे मोबाइलच्या दुकानांतून पसरे. ‘कार्ड भरून देणे’ (मोबाइलच्या मेमरी कार्डावर गाणी उतरवून देणे) हा शब्दच रूढ झाला. २ जीबीच्या कार्डात चारेकशे गाणी मावत. कॉपी चालू असताना कार्ड ओढले की सगळेच जाण्याचा धोका. गाडीतला प्लेयर गाणी बहुधा नावाच्या नव्हे, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतो, म्हणून भजने आणि पार्ट्यांतले ट्रान्स संगीत एकाआड एक लागण्याचे नवल नको.

चवथीच्या, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या याच वाटेने, ब्लूटूथवरून फिरल्या. १२८ किलोबिटवर घुमट बरा ऐकू येतो, पण कासाळ्यांची (झांजांची) किणकिण पाण्याखालून आल्यासारखी होते. तीच फाइल ३२० वर चढवून ‘उत्तम दर्जा’ म्हणून देणे ही शुद्ध फसवणूक: आकार अडीचपट, आवाज तोच. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांचे चित्र) उघडावा, १६ किलोहर्ट्‌झच्या वर कोरी पट्टी दिसली तर माल जुनाच.

अमेरिकेत ग्रोकस्टर या अशाच सेवेविरुद्धच्या २००५ च्या निकालाने आणि ऑक्टोबर २०१० मध्ये लाइमवायर या दुसऱ्या सेवेवर आलेल्या मनाईहुकुमाने मोठी जाळी मोडली. भारतातही कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी गोव्यात कार्डे भरणे थांबवले ते धाकाने नव्हे, स्वस्त डेटाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय. गाणे साठवण्याची गरजच सरली.

स्ट्रीमिंगवर नाट्यसंगीत मिळते. वाड्यावरच्या भजनी सप्ताहाचे, काल्याचे किंवा धालो या बायकांच्या लोकनृत्याचे घरगुती ध्वनिमुद्रण सहसा मिळत नाही. ते असलेच तर जुन्या हार्डडिस्कवर, ‘ट्रॅक ०१’ या नावाने. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मूळ फाइल पुन्हा एमपी३ न करता जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवावी आणि गाव, वर्ष, गाणाऱ्यांची नावे फाइलीच्या नावातच लिहावीत. जुनी पट्टी त्यांना पुरणार नाही.