शरीर एका देशात, वर्ग दुसऱ्या देशात

१६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले आणि न्यूटन वूल्सथॉर्पला घरी परतला. तिथे त्याने कलनशास्त्रात आणि प्रकाशविज्ञानात काय काय केले, हे २०२० मध्ये टाळेबंदीतल्या विद्यार्थ्यांना इतक्यांदा ऐकवले गेले की ते कंटाळले असतील. पण न्यूटनचे घर त्याच देशात होते आणि त्याच्यामागे रोजच्या तासांचा ससेमिरा नव्हता, हे कुणी सांगितले नाही.

परदेशात शिकणारे विद्यार्थी जगभरात तेव्हा सुमारे ६० लाख होते. काही जण रिकाम्या वसतिगृहांत अडकले. हॉटेलांतली, दुकानांतली अर्धवेळ कामे गेली, भाडे मात्र चालूच राहिले. काही जण मायदेशी गेले ते तिकडेच राहिले: ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केली, ती बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांसाठी उघडली थेट डिसेंबर २०२१ मध्ये. अमेरिकेने जुलै २०२० मध्ये फर्मान काढले की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्यावर आठवडाभरात ते मागे घेतले गेले.

घरी परतलेले सुटले असे वाटेल, पण त्यांचे भांडण घड्याळाशी होते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरात दुपारी २ ला तास सुरू होतो, तेव्हा बीजिंगमध्ये रात्रीचे २ वाजलेले असतात. घरचे उठू नयेत म्हणून विद्यार्थी दिवा लावत नाही, कॅमेरा बंद ठेवतो. पडद्यावर प्राध्यापक 'गुड आफ्टरनून' म्हणतात.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. ते रोज जुळवले जाते प्रामुख्याने उजेडावर. विमानाने दूर गेलेल्या माणसाचे घड्याळ तिथल्या दिवस-रात्रीच्या आधाराने हळूहळू, साधारण रोज तासाभराने, सरकते आणि जेट लॅग ओसरतो. या विद्यार्थ्याला मात्र खिडकीतला सूर्य एक वेळ सांगतो आणि वेळापत्रक दुसरी. त्यात रात्री पडद्याचा निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे संप्रेरक, दाबून ठेवतो, मग तास संपला तरी डोळा लागत नाही. रात्रपाळीच्या कामगाराची गत हीच असते, फक्त याला पाळी करून वर परीक्षाही द्यायची असते. दिवसा शिकलेले पक्के होते ते बरेचसे गाढ झोपेत, आणि नेमक्या तिलाच कात्री लागते.

काही विद्यापीठांनी व्याख्याने रेकॉर्ड करून ठेवली. त्याने झोप वाचली. पण सकाळी उठून ऐकताना मध्येच काही अडले, तर विचारायचे कुणाला? वर्ग केव्हाच सुटलेला असे आणि सोबतची मुले झोपायच्या तयारीत.