भूल चढण्याची आणि उतरण्याची वाट एकच आहे का?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी एका तरुण रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच ईथर वापरले होते, पण जगाला कळले ते बॉस्टनमुळे.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ईथरच्या गुंगीचे पाच टप्पे लिहून काढले. शुद्ध एकदम जात नाही, पायरीपायरीने जाते, हे त्यांनी नीट मांडले. पहिल्या महायुद्धात आर्थर गेडेल यांनी नवशिक्या भूलतज्ज्ञांसाठी श्वास, बुबुळे, डोळ्यांच्या हालचाली यांवरून भुलेची खोली ओळखणारा तक्ता केला. त्यावर कित्येक पिढ्या शिकल्या. पण या साऱ्या निरीक्षणाचा भर भूल चढण्यावर होता. उतरण्याबद्दल समज साधा: औषध शरीराबाहेर पडले की माणूस त्याच पायऱ्यांनी परत येतो. हा समज दीडशे वर्षे जवळजवळ तपासलाच गेला नाही, याचे मला फार आश्चर्य वाटते.

१९४२ मध्ये माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी भुलेसोबत क्युरारे वापरले. स्नायू पूर्ण सैलावल्यामुळे शस्त्रक्रिया सोपी झाली, पण गेडेल यांच्या खुणाही गेल्या. स्नायूच हलत नसतील, तर रुग्ण आतून जागा आहे की नाही हे ओळखायचे कसे? आता थेट मेंदूकडेच पाहणे भाग होते. हान्स बर्गर यांनी मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. १९३७ मध्ये गिब्ज दांपत्य आणि लेनॉक्स यांनी तिच्यावरून भुलेची खोली मोजता येईल असे सुचवले. मात्र तसे यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये रुळायला नव्वदचे दशक उजाडले.

औषध काम कुठे करते, हा शोध वेगळ्याच दिशेने चालला होता. मायर (१८९९) आणि ओव्हर्टन (१९०१) यांना दिसले की जे द्रव्य तेलात जास्त विरघळते, ते भूल देण्यात जास्त प्रभावी असते. त्यामुळे पेशींच्या स्निग्ध आवरणावरच सगळ्यांचे लक्ष राहिले. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाशाचे प्रथिन घेऊन दाखवले की भुलेची औषधे स्निग्ध आवरण नसतानाही प्रथिनावर परिणाम करतात. आज आपण जाणतो की प्रोपोफॉल हे भुलेचे औषध मेंदूतल्या ‘गाबा’ या शमन करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते. मेंदू तेव्हा बंद पडत नाही. मंद लहरी आणि कपाळामागच्या भागातल्या एकसुरी अल्फा लहरी यांत तो अडकतो आणि त्याच्या भागांमधली देवाणघेवाण तुटते. केटामाइन या दुसऱ्या भुलेच्या औषधाची तऱ्हा निराळी, त्यात वेगवान लहरी उसळतात. म्हणजे बेशुद्धीही एकाच प्रकारची नसते.

परतीच्या वाटेचा उलगडा २००८ मध्ये सुरू झाला. मॅक्स केल्झ यांच्या गटाने उंदरांमध्ये जागेपण टिकवणाऱ्या ओरेक्सिन या रसायनाचे काम रोखले. भूल चढायला लागणारा वेळ तोच राहिला, उतरायला मात्र उशीर झाला. २०१० मध्ये उंदीर आणि फळमाश्या यांच्यावरच्या प्रयोगांत दिसले की ज्या मात्रेला शुद्ध जाते, त्याच्या बऱ्याच खाली मात्रा येईपर्यंत ती परतत नाही. मेंदू जणू आहे त्या अवस्थेला धरून राहतो. याला ‘न्यूरल इनर्शिया’, म्हणजे मेंदूचे जडत्व, हे नाव मिळाले. माणसांत हे कितपत लागू पडते यावर वाद चालू आहे.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० निरोगी स्वयंसेवकांना तीन तास आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या औषधाची भूल दिली होती. शुद्धीवर आल्यावर तर्क आणि नियोजन या वरच्या पातळीच्या क्षमता आधी परततील, अशी अपेक्षा नव्हती. पण तसेच घडले.

अफूजन्य औषधांचा किंवा स्नायू सैलावणाऱ्या औषधांचा परिणाम परतवणारी औषधे आहेत. प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेन या भुलेच्या औषधांवर तसा उतारा अजून नाही. औषध थांबवायचे आणि वाट पाहायची. मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाने उंदीर आयसोफ्लुरेनमधून लवकर जागे होतात, हे २०११ मध्ये दिसले आहे. भूल उतरणे हे मेंदूचे स्वतःचे काम आहे आणि त्याला मदत करता येईल, ही कल्पना त्यातूनच पुढे आली.