वर्गपेटी घेतलीत ना? मग घंटी वाजवायच्या आधी हे वाचा

नमस्कार सर, मॅडम, गुरुजी,

वर्ग सांभाळायच्या सामानाची ही पेटी उघडली की सगळ्यात वर हाच कागद येईल अशा बेतानं ठेवलाय, तेव्हा घंटी, वाळूचं घड्याळ, तक्ता, मण्यांची बरणी, नोंदवही सगळं तसंच राहू दे आणि पहिल्यांदा हे वाचून काढा, चहा घेत घेत वाचलं तरी चालतंय.

आम्ही शाळेला लागणारं सामान बनवतो, तक्ते, लॅमिनेशन, फळ्याची कामं वगैरे, आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापुरातल्या पेठांमधल्या शाळांपासून ते गगनबावडा-शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळांपर्यंत. काउंटरवरचा ठरलेला प्रश्न एकच, "ह्यानं पोरं गप बसत्यात काय?" धंद्याचं नुकसान झालं तरी खरं सांगतो, नुसत्या घंटीनं एक पोरगं गप बसत नाही. घंटी वाजल्यावर करायचं काय हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असेल तर बसतं, आणि ते अंगवळणी पाडायचं काम पेटीत भरून देता येत नाही म्हणून हा कागद.

गोंधळाची वेळ ठरलेली असते

दिवसभर वर्ग हाताबाहेर जातोय असं वाटतं पण नीट बघितलं तर गोंधळ ठराविक वेळेलाच होतो, एक काम संपलं आणि दुसरं सुरू व्हायचंय त्या मधल्या फटीत. दुपारची सुट्टी घ्या. खिचडी खाऊन झाली, ताट धुवायला नळावर रांग, रांग कसली झुंबडच, तिथं कुणीतरी कुणाच्या शर्टावर पाणी उडवलं आणि तोच तंटा ओल्या हातानं वर्गात, "बाई, ह्यो बघा की मला ढोसालाय", "मी न्हाई बाई, त्योच आधी". बाई त्या वेळी कपाटातनं वह्यांचा गठ्ठा काढालेल्या असतात, पोरांच्या हाताला काम नाही, मग पाच मिनिटांत जे व्हायचं ते होतं आणि पुढची पंधरा मिनिटं ते निस्तरण्यात जातात.

जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं वर्गांचं व्हिडिओ शूटिंग करून बारकाईनं बघितलं आणि १९७० साली मांडलं की चांगला चाललेला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग ह्यांत फरक रागावण्याच्या पद्धतीत दिसत नाही, गडबड झाल्यावर शिक्षक साधारण सारखंच बोलतात. फरक दिसतो तो आधी, म्हणजे शिक्षकाचं लक्ष सगळीकडं आहे हे पोरांना जाणवतंय का, आणि एका कामातनं दुसऱ्या कामात वर्ग अडखळत जातो की सरळ जातो.

म्हणून आमचा पहिला सल्ला फुकटातला आहे. सुट्टी व्हायच्या आधीच फळ्यावर एक छोटं काम लिहून ठेवा, दोन बेरजा, चार शब्दांचं शुद्धलेखन, काहीही, फक्त न विचारता करता येईल असं. सुट्टी संपली की तुम्ही दारात उभे राहा, प्रत्येकाकडं एकदा बघा, नाव घ्या, आत सोडा. ढकलाढकली करत आलेला दारातच कळतो आणि तिथंच हळू आवाजात मिटवता येतो. वह्यांचा गठ्ठा नंतर काढा, तो कुठं पळत नाही.

आता घंटी

एकदाच वाजवायची. वाजवली की तुम्ही हात वर करून एका जागी उभं राहायचं आणि गप राहायचं, निम्मा वर्ग बोलत असेल तरी त्यावर आवाज चढवायचा नाही. तुम्ही गोंगाटात बोलायला लागला की पोरांना कळतं, सर बोलत असताना बोललं तरी चालतंय. सगळे थांबले की मगच सूचना, तीही छोटी. हे जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच वेळा खेळासारखं करून घ्या, पाढे घोकून घेतो तसं, आणि गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत पहिल्यापासून. कंटाळा येतो, येऊ दे. उठसूट वाजवली तर मात्र महिन्याभरात घंटीला कोण विचारत नाही, मग आमच्या नावानं बोंब नको.

वाळूचं घड्याळ तीन मिनिटांचं आहे. दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता असतात, तिथं ह्याचा खरा उपयोग, पहिलीला शिकवताना दुसरीला सांगायचं, वाळू खाली जाईपर्यंत मला विचारायचं नाही, अडलं तर शेजाऱ्याला विचार. पहिलीच्या पोरांना आकडे बघून वेळ कळत नाही पण वाळू दिसते. शहरातल्या सरांनी दुसरा उपयोग काढलाय तो आम्हाला लै आवडला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या संघांची फुटबॉलची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मराठी कोण ऐकतंय? मग सर घड्याळ उलटं करतात, वाळू संपेपर्यंत मॅचवर बोला, कुणाचा गोल, कुणाचं पेनल्टी, काय ते, वाळू संपली की पुस्तक बाहेर. दाबून ठेवलेली चर्चा तासभर बाकाखालनं चालते त्यापेक्षा हे बरं.

आणखी एक वेळेचाच मुद्दा. प्रश्न विचारला की लगेच पहिल्या वर आलेल्या हाताला उत्तर द्यायला लावू नका, मनात तीन म्हणा. मेरी बड रो ह्या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी पोरंही बोलतात. मागच्या बाकावरचा जो आपली पाळी येतच नाही म्हणून खोड्या काढतो, त्याच्यासाठी हे तीन सेकंद.

तक्ता रिकामा का?

"रिकामा तक्ता देऊन पैसे घेता व्हय" असं ऐकून घेतलंय आम्ही, पण मुद्दाम रिकामा आहे. चार ओळी आहेत, नियम तुमच्या वर्गानं ठरवायचे, पोरांच्या शब्दांत. चारच्या वर गेलं की कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि काय करायचं ते लिहा, काय नको ते लिहू नका. "दंगा करू नका" ह्यातनं पोराला काही कळत नाही, "बोलायच्या आधी हात वर" ह्यातनं कळतं.

कौतुकाचंही तसंच. नुसतं शाब्बास हवेत जातं. "समीर, न सांगता वही काढलीस, बरं वाटलं" म्हटलं की समीरला कळतं आणि शेजारच्या दोघांच्या वह्या आपोआप बाहेर येतात. आपण काय करतो, चाळीस जण गप बसलेत तिकडं बघत नाही आणि उठून फिरणाऱ्या एकाला सारखं "बस खाली, बस म्हटलं ना". त्याला तेच तर पाहिजे असतं. पेन्सिल आपटणं, तोंडं करणं असल्या बारीक गोष्टींकडं काणाडोळा करा, पण एक लक्षात ठेवा, काणाडोळा सुरू केला की पहिले काही दिवस ते वाढतं, आणि वाढल्यावर तुम्ही ओरडला तर पोरगं शिकतं की आणखी जोरात आपटायला पाहिजे. मारामारी, चिडवणं, जातीवरनं-रंगावरनं बोलणं ह्याकडं मात्र कधीच काणाडोळा नाही, लगेच थांबवायचं.

मोठ्या पोराशी, सातवी-आठवीतल्या, सगळ्यांसमोर वाद घालू नका, तो मित्रांसमोर माघार घेणार नाही आणि तुम्हालाही घेता येणार नाही. शिकवणं चालू ठेवतच त्याच्या बाकाजवळ जाऊन उभं राहा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. नाही पुरलं तर वाकून हळू, "आत्ता लिहितोस की सुट्टीत माझ्याजवळ बसून लिहितोस?" एवढं म्हणून पुढं सरका, उत्तरासाठी डोक्यावर उभं राहू नका.

मण्यांची बरणी जपून

बरणी पूर्ण वर्गाची आहे, एकट्या पोराची नाही. ह्यामागची कल्पना जुनी, १९६९ साली अमेरिकेत कॅन्ससला चौथीच्या एका वर्गावर खेळ करून बघितला होता, वर्गाच्या दोन टीम, जागा सोडली किंवा मध्येच बोललं की टीमच्या नावावर खूण, कमी खुणा ती टीम जिंकली, आणि दोन्हीकडं खुणा कमी राहिल्या तर दोघी जिंकल्या. गडबड बरीच खाली आली. आम्ही ते उलटं केलंय, चांगलं झालं की मणी आत. टाकलेला मणी काढायचा नाही, काढायला लागला की वर्ग एका पोरावर तुटून पडतो आणि मधल्या सुट्टीत त्याची काय गत होते ते तुम्हाला माहितीच आहे.

आणि जे पोरं आनंदानं करतात त्याला मणी देऊ नका. १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, नर्सरीतल्या चित्र काढायची हौस असलेल्या मुलांना आधीच बक्षिसाचं कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढं मोकळ्या वेळात त्यांनी चित्रं कमी काढली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. मणी जिथं घोडं अडलंय तिथंच, आणि सवय लागली की हळूहळू बंद.

सगळ्यात कामाची वस्तू : नोंदवही

ही लोक उघडतच नाहीत. तीन रकाने आहेत, आधी काय झालं, पोरानं काय केलं, नंतर काय झालं. एकच पोरगं घ्या, जे रोज डोक्याला ताप देतं ते, आणि आठवडाभर भरा. समजा असं भरलं गेलं : तिसरा तास, फळ्यावरचं उतरवायला सांगितलं / शेजाऱ्याची वही ओढली / बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी, फळ्यावरचं उतरवायचं / पट्टी फेकली / बाहेर उभं केलं. आता दिसतंय काय? दोन्ही वेळा फळा, आणि दोन्ही वेळा त्याची लिहिण्यातनं सुटका. बाहेर उभं करणं ही तुम्हाला शिक्षा वाटते, त्याला सुट्टी मिळते. अशा पोराला पुढच्या बाकावर घेऊन बघा, डोळे तपासून घ्या, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा आवर्जून दाखवा, आणि काम तुकड्यात द्या, दोन ओळी, मग बघायचं, मग पुढच्या दोन. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला आलेल्यांची पोरं मध्येच वर्गात येऊन बसतात, त्यांचं गप राहणं किंवा चिडणंसुद्धा ह्याच वहीत आधी समजून घ्या. नंतर पोराच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी भरताना ही वही किती कामाला येते ते बघाच. पालकांना बोलवायचं असेल तरी हीच वही समोर ठेवा, आणि पहिला फोन काहीतरी चांगलं सांगायला करा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोराचं नाव घेऊन तक्रार कधीच टाकू नका.

छडी आम्ही ठेवत नाही, हसत विचारलं तरी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, म्हणून "खोडकरांची नावं" लिहायचा लाल बोर्डही आम्ही बनवत नाही, कितीही नगांची ऑर्डर असू दे.

घड्याळ काचेचं आहे, बाकावरनं पडलं तर फुटणार, फुटलेलं घेऊन आला तर नवीन अर्ध्या किमतीत देतो. घंटीचा खटका सैल झाला तर खालचा स्क्रू आवळा. तक्त्यावर व्हाईटबोर्ड मार्करच वापरा, पर्मनंट मार्करनं लिहिलं तर निघत नाही. मणी पहिली-दुसरीच्या पोरांच्या हातात देऊ नका, नाकात घालतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुकानात गर्दी असते, निवांत बोलायचं असेल तर इतर दिवशी संध्याकाळी या, आणि येताना भरलेली नोंदवही आणा, पोराचं नाव झाकून.