जजसाहेबांचा विवेक आणि जजसाहेबांची मर्जी

इंदूरच्या रामबागेत आमच्या ओट्यावर कोर्टाचा विषय निघाला की काका हात झटकतात, "शेवटी जजच्या मर्जीवर असतं हो." कायद्यात त्याला विवेकाधिकार म्हणतात, म्हणजे कायद्याच्या हद्दीत राहून जजने स्वतः ठरवायची मुभा, असं म्हटलं, तर म्हणतात, "नाव बदललं, एवढंच."

एवढंच नाही. इंदूरचंच घ्या. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या शाहबानोंनी त्याच्याकडे पोटगी मागितली तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, पोटगीच्या कलम 125 मध्ये रक्कम ठरलेली नव्हती. मॅजिस्ट्रेटला योग्य वाटेल ती द्यावी, फक्त महिना 500 च्या वर जाऊ नये. 1979 मध्ये इथल्या मॅजिस्ट्रेटनी 25 रुपये लावले. पुढच्या वर्षी हायकोर्टाने 179 रुपये 20 पैसे केले. कलम तेच, नवरा तोच (आणि तो वकील!), आकडा सातपट. माझ्या मते 25 म्हणजे थट्टाच होती, पण दोन्ही आकडे कायद्याने आखलेल्या रेघेच्या आत होते. इथे जजचा स्वभाव डोकावतोच, आणि तेवढी जागा कायद्यानेच मोकळी सोडलेली असते.

आता जुलै 2020. विनयभंगाच्या आरोपीला हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने जामीन दिला. अट काय, तर 3 ऑगस्टला सकाळी 11 वाजता बायकोसह, राखी आणि मिठाईचा डबा घेऊन फिर्यादी बाईच्या घरी जायचं, राखी बांधण्याची विनंती करायची, रक्षणाचं वचन द्यायचं, ओवाळणीचे 11,000 आणि तिच्या मुलाला कपड्या-मिठाईसाठी 5,000 द्यायचे. हेतू वाईट नसेलही. पण जामिनाच्या अटी असतात त्या आरोपीने पळू नये, साक्षीदाराला धमकावू नये म्हणून. इथे तर ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच तिच्या दारात पाठवलं. भाऊ-बहीण केलं की मिटलं, ही समजूत घरातून कोर्टात आलेली. मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्या. खानविलकर आणि न्या. रवींद्र भट यांनी ती अट रद्द करून नोंदीतूनही काढून टाकली.

मी काकांना एक युक्ती सांगते: खटकलेलं वाक्य पेन्सिलीने खोडा आणि कायद्याचं काही अडतं का बघा. राखीवाचून काही अडत नाही. काकांनी लगेच मला पेचात धरलं. शाहबानो प्रकरणात 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी पोटगी कायम केली, सोबत समान नागरी कायदा अजून का नाही यावरही खंत नोंदवली, ती खोडायची का? 179 रुपये 20 पैशांना तिची गरज नव्हती, हे मला कबूल करावं लागलं.