डिफरन्शियल इनपुट

डिफरन्शियल इनपुट ही व्होल्टेज मोजण्याची अशी जोडणी आहे, की तीत सेन्सरच्या दोन्ही तारा उपकरणात स्वतंत्रपणे येतात आणि उपकरण त्यांच्यातला फरक तेवढा मोजते. साध्या, म्हणजे सिंगल-एंडेड जोडणीत एकच तार मोजली जाते. दुसरी ग्राउंडला बांधून तिथे शून्य व्होल्ट आहेत असे धरले जाते. मोजायचे व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये असेल तर हे धरून चाललेले शून्यच घात करते, कारण कारखान्यात दोन ठिकाणचे अर्थिंग सहसा एका पातळीवर नसते.

कोल्हापूरच्या माणसाला ही वजाबाकी नवी नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग गव्हाणीत ऊस रिकामा करून तीच गाडी पुन्हा तोलतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे स्वतःचे वजन किती, याच्याशी देणेघेणे नसते. दोन्ही वेळा ते सारखे भरले की पुरे. पण भरल्या गाडीवर बसलेला ड्रायव्हर रिकाम्या तोलाच्या वेळी खाली उतरला, तर त्याचे वजन उसात धरले जाते. दोन तारांच्या बाबतीत नेमके हेच घडते. दोन्हींवर सारखा चढलेला गोंगाट, म्हणजे बाहेरून मिसळलेले नको असलेले व्होल्टेज, वजा होतो. एकीवर कमी आणि दुसरीवर जास्त चढलेला मात्र सिग्नल म्हणून मोजला जातो.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या हीट ट्रीटमेंट शेडमध्ये हे आकड्यांत दिसते. भट्टीतले के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, ९०० अंश सेल्सियसला सुमारे ३७ मिलिव्होल्ट देते. एका अंशाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक झाली की तापमान २५ अंशांनी चुकले. थर्मोकपलचे टोक धातूच्या आवरणाला वेल्ड केलेले असते, आवरण भट्टीच्या अंगाला टेकलेले असते, आणि तिथून तारा मोटारींच्या केबलशेजारून वीस-पंचवीस मीटर लांबच्या पॅनेलपर्यंत जातात. समजा, भट्टीचे अर्थिंग आणि पॅनेलचे अर्थिंग यांत ५० हर्ट्झचा १ व्होल्ट फरक आहे. सिंगल-एंडेड जोडणीत तो ३७ मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि डिस्प्लेवरचा आकडा जागेवर ठरत नाही. डिफरन्शियल जोडणीत दोन्ही तारा त्या १ व्होल्टबरोबर एकदमच वरखाली होतात. त्यांच्यातले ३७ मिलिव्होल्ट तसेच राहतात.

दोन्ही तारांवर सारख्या असलेल्या या व्होल्टेजला कॉमन मोड म्हणतात. ते किती दाबले जाते, हे सीएमआरआर (कॉमन मोड रिजेक्शन रेशो) या मापाने डेसिबलमध्ये सांगतात. १०० डेसिबल म्हणजे एक लाखावा भाग: वरच्या १ व्होल्टचे १० मायक्रोव्होल्ट उरतात, म्हणजे पाव अंश. ६० डेसिबल असेल तर १ मिलिव्होल्ट उरतो आणि पुन्हा २५ अंशांचा घोळ.

एक ऑप-ॲम्प (दोन इनपुटांमधला फरक वाढवणारी चिप) आणि चार रेझिस्टर घेऊनही डिफरन्शियल ॲम्प्लिफायर बनतो, पण त्याचे भवितव्य त्या रेझिस्टरांच्या हातात असते. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, १ असेल आणि १ टक्का टॉलरन्सचे रेझिस्टर वापरले, तर वाईटात वाईट जुळणीत सीएमआरआर जेमतेम ३४ डेसिबल मिळतो, म्हणजे गोंगाटाचा पन्नासावा भाग आत येतो. म्हणून लहान सिग्नलसाठी तीन ऑप-ॲम्पचा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर वापरतात. त्यातले रेझिस्टर चिपवरच जुळवलेले असतात आणि दोन्ही इनपुट तारांवर भार जवळजवळ पडत नाही. याच्या मुळाशी असलेल्या दोन व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) जोडीचे पेटंट ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये मागितले होते.

चिप कितीही चांगली असली तरी बाहेरच्या तारांनी तिला साथ द्यावी लागते, आणि दुर्लक्ष होते ते इथेच. पावसाळ्यात एका टर्मिनलवर गंज चढून १ किलोओहम रेझिस्टन्स वाढला आणि प्रत्येक इनपुटचा ग्राउंडशी इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) १ मेगाओहम असला, तर कॉमन मोडचा हजारावा भाग फरक बनून आत शिरतो. १०० डेसिबलची चिप तिथे ६० डेसिबलचीच ठरते. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळतात तेही याच समानतेसाठी: शेजारच्या केबलच्या चुंबकीय क्षेत्राला दोघी सारख्याच सामोऱ्या जाव्यात म्हणून. इंडक्शन फर्नेस जवळ असेल तर आणखी काळजी हवी. तिची वारंवारता शेकड्यांपासून हजारांपर्यंत हर्ट्झमध्ये असते, आणि सीएमआरआर वारंवारतेबरोबर घटत जातो. डेटाशीटवरचा मोठा आकडा बहुधा ५०-६० हर्ट्झचा असतो.

मर्यादा आणखीही आहेत. ±१५ व्होल्टवर चालणारा ॲम्प्लिफायर साधारण ±१० व्होल्टपर्यंतचाच कॉमन मोड सोसतो. त्यापलीकडे आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून तोडणे, लागते. उलट, थर्मोकपल कुठेच अर्थला टेकलेले नसेल तर इनपुटच्या बायस करंटला, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या इनपुटमधून वाहणाऱ्या अगदी लहान प्रवाहाला, परतीची वाट राहत नाही आणि रीडिंग सरकत सरकत टोकाला जाऊन बसते. अशा वेळी एका तारेपासून ग्राउंडला १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावतात. दोन तारांच्या दरम्यान, म्हणजे फरकातच उमटलेला गोंगाट वजाबाकीने जात नाही. त्यासाठी फिल्टर लावतात, किंवा ५० हर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनाची, म्हणजे २० मिलिसेकंदांची सरासरी घेतात.

डिफरन्शियल जोडणीत प्रत्येक सेन्सरला दोन इनपुट लागतात, त्यामुळे सोळा चॅनेलच्या कार्डावर आठच मोजण्या बसतात. ही काटकसर करण्याची जागा नव्हे, निदान थर्मोकपल आणि लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) यांच्यासाठी तरी नाही.

जोडणी तपासायला एक सोपी रीत आहे. भट्टीच्या टोकाला, थर्मोकपलच्या हेडमध्ये (जिथे त्याच्या तारा पुढच्या केबलला जोडतात त्या डबीत) दोन्ही तारा तिथेच ठेवून तांब्याच्या तुकड्याने शॉर्ट करायच्या आणि शेडमधली यंत्रे नेहमीसारखी चालू ठेवायची. डिस्प्लेवर हेडजवळचे तापमान स्थिर दिसायला हवे. मोटार सुरू होताना आकडा उडाला, तर तो आकडा म्हणजे वजा न झालेला गोंगाट. पहिला स्क्रूड्रायव्हर टर्मिनलच्या स्क्रूला लावावा.