एकच जीपीएस, चार कामं: ग्राउंड स्टेशन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

नमस्कार. ग्राउंड स्टेशनचा, म्हणजे जमिनीवरून ड्रोन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, सेट नेल्यावर पहिल्या काही दिवसांत आम्हाला हमखास एक फोन येतो: "मिशन प्लॅनरमध्ये जीपीएस चालतंय, पण दुसरं सॉफ्टवेअर उघडलं की पोर्टच मिळत नाही. रिसीव्हर बदलून द्या." रिसीव्हर ठणठणीत असतो. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट, म्हणजे उपकरणाशी बोलायची वाट, एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, इतकंच. जुन्या लँडलाइनसारखं समजा. एकाने फोन उचलला की दुसऱ्याला एंगेज टोन.

आता ग्राउंड स्टेशनला जीपीएस किती जणांना हवा असतो ते बघा. नकाशावर तुमची जागा दाखवायला, ड्रोनला गाडीमागे आणायला म्हणजे फॉलो-मीला, अँटेना सतत ड्रोनच्या दिशेने वळवणाऱ्या ट्रॅकरला, आणि सर्व्हेचं काम असेल तर आरटीके बेसला, म्हणजे ड्रोनची जागा अगदी अचूक कळावी म्हणून एका ठिकाणी स्थिर ठेवलेल्या रिसीव्हरला. प्रत्येकासाठी वेगळा रिसीव्हर घ्यायची गरज नाही. मध्ये एक वाटप करणारा बसवला की झालं.

लिनक्सवर हे काम जीपीएसडी नावाचं सॉफ्टवेअर करतं. पोर्ट ते एकटंच धरतं आणि २९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवरून मागेल त्याला माहिती देतं. विंडोजवर आम्ही कॉम-झिरो-कॉम आणि हब-फोर-कॉम ही जोडी बसवून देतो. त्यातून खोटे कॉम पोर्ट तयार होतात आणि प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा पोर्ट मिळतो. क्यूग्राउंडकंट्रोल हे ड्रोन सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑटो-कनेक्टमधला आरटीकेचा पर्याय आधी बंद करा. नाहीतर यूएसबी लावताक्षणी ते रिसीव्हर ताब्यात घेतं आणि बाकीचे उपाशी राहतात.

बॉड रेटकडेही, म्हणजे पोर्टवरून माहिती जाण्याच्या वेगाकडेही बघा. ९६०० वर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, आणि एनएमईएची (रिसीव्हर ज्या ठरावीक मजकुरात स्थान कळवतो त्याची) एक ओळ ८२ अक्षरांपर्यंत असू शकते. सेकंदाला एकदा स्थान घेताय तोवर ठीक. पाच वेळा घ्यायचं ठरवलंत की ओळी तुंबतात आणि फॉलो-मीमध्ये ड्रोन मागे पडतो. म्हणून आम्ही रेट वाढवून देतो आणि नको असलेल्या ओळी बंद ठेवतो.

वाचायला सगळे, लिहायला एकच

हा नियम कृपया मोडू नका. आरटीके सुरू करताना सॉफ्टवेअर रिसीव्हरला स्वतःच्या सोयीच्या आज्ञा पाठवतं. त्यात एनएमईए बंद झालं, की बाकीच्या प्रोग्रॅमना जीपीएस "गेलं" असं वाटतं. दोन प्रोग्रॅम आलटून पालटून आज्ञा देत असतील तर दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो. आज्ञा देण्याचा हक्क एकालाच द्या, बाकीच्यांचा परतीचा रस्ता बंद ठेवा. जीपीएसडी सुरू करताना वजा-बी हा पर्याय लावला की तेही फक्त वाचतं. वायर जोडतानाही हेच धोरण: रिसीव्हरची टीएक्स (पाठवणारी) वायर दोन-तीन उपकरणांच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या टोकाला) गेली तरी चालते, पण दोन टीएक्स एकत्र कधीही जोडू नका.

जे वाटून घेता येत नाही

आरटीके बेस आणि फॉलो-मी एकाच रिसीव्हरवर एका वेळी चालत नाहीत. इथे कुठलंही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही, कारण दोन्ही कामांचा स्वभावच उलटा आहे. बेस म्हणजे "मी इथे उभा आहे, हलणार नाही" हे गृहीत. एफ९पीसारखा आरटीके रिसीव्हर बेस म्हणून एका जागी बसवला की तो तीच ठरलेली जागा सांगत राहतो, खरोखर हलला तरी.

आम्ही स्वतः ही चूक केली आहे. सकाळी बेस म्हणून वापरलेला रिसीव्हर दुपारी तसाच जीपच्या टपावर ठेवला आणि फॉलो-मी लावलं. जीप बांधावरून दोनशे मीटर पुढे गेली, ड्रोन मात्र सकाळच्या तिपाईच्या जागेवर घिरट्या घालत राहिला. स्क्रीनवर सगळं हिरवं. फिक्सच्या, म्हणजे स्थान मिळाल्याच्या, जागी "टाइम ओन्ली" (फक्त वेळ) असं लिहिलं होतं, आणि ते कुणी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक सेटमध्ये बेस आणि फॉलो-मी अशा दोन वेगळ्या सेटिंग फाइल्स असतात. काम बदललं की फाइल बदला. दोन्ही एकाच वेळी हवंच असेल, तर दुसरा रिसीव्हर घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

ट्रॅकर त्या मानाने समजूतदार. ड्रोन ५०० मीटरवर असताना तुमच्या जागेत तीन मीटरची चूक असली तरी अँटेना जेमतेम एक तृतीयांश अंश चुकते. वीस मीटरवर मात्र तीच चूक आठ अंशांच्या पुढे जाते, म्हणून जवळच्या उड्डाणात ट्रॅकर भरकटला तर घाबरू नका.

उंचीचं मात्र नीट सांभाळा. काही प्रोग्रॅम समुद्रसपाटीपासूनची उंची घेतात, काही लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची), आणि महाराष्ट्रात या दोन आकड्यांत साधारण साठ-सत्तर मीटरचं अंतर पडतं. एकाच रिसीव्हरची उंची दोन प्रोग्रॅम वेगवेगळी दाखवत असतील, तर उड्डाणाआधी ड्रोनला कुठली उंची जातेय ते तपासा. झाडावर किंवा विजेच्या तारांवर आपटायला साठ मीटर खूप झाले.

एक शेवटचं, कारण काही ग्राहकांनी तसं केलं आहे: रिसीव्हर दोन आहेत म्हणून अँटेनाची केबल कापून दोन टोकं काढू नका. अँटेनाला केबलमधूनच वीज मिळते आणि दोन्ही रिसीव्हर ती पुरवू लागतात. जीपीएससाठीचा स्प्लिटर मिळतो, तो वीज एकाच बाजूने घेतो. सिग्नल निम्मा होतो, पण चांगल्या अँटेनाला तेवढं सहज झेपतं.