भाडे गोठले, एफएसआय वाढला : मुंबईतील पुनर्विकासाच्या कायद्यांची पार्श्वभूमी

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत जुनी चाळ पाडून तिच्याच जागी तीस-चाळीस मजल्यांचा टॉवर उठताना आपण सगळेच पाहतो. भूखंड तोच, गल्ली तीच, गल्लीखालची गटारे बहुतेक ठिकाणी तीच. माणसे आणि गाड्या मात्र कितीतरी जास्त. हे घडते ते जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जादा बांधकामाची परवानगी देणाऱ्या, विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(५), ३३(७), ३३(९), ३३(१०) अशा तरतुदींच्या जोरावर. बिल्डरांना वाटलेली खिरापत म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग अनाठायी नाही. पण या तरतुदी मुळात आल्या कशा, हे समजून घ्यायचे तर बिल्डर बाजूला ठेवून भाडेपावतीपासून सुरुवात करावी लागते. कमी जागेत जास्त बांधकाम करू देणारे मुंबईचे कायदे जन्मले ते दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा, या न सुटलेल्या भांडणातून.

१८९६ च्या प्लेगने शहरातल्या कोंदट वस्त्यांचे भयाण रूप चव्हाट्यावर आणले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या, याच ट्रस्टच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक शौचालये. सरकारने बांधलेल्या या चाळींच्या जोडीला खासगी मालकांनी भाड्यासाठी बांधलेल्या हजारो चाळी होत्या. त्या काळी चाळ बांधणे हा फायद्याचा धंदा होता.

दुसऱ्या महायुद्धाने तो मोडला. शहरात माणसांचा लोंढा वाढला, घरे मिळेनात, भाडी भडकली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर आणून ठेवली. गरज खरी होती. भाडेकरूला रातोरात रस्त्यावर काढणाऱ्या मालकांना आळा बसला आणि गिरणी कामगार, कारकून, शिक्षक या शहरात टिकले ते याच कायद्यामुळे. हा उपकार विसरता येत नाही. चूक झाली ती पुढे. तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालला आणि भाडे जिथल्या तिथे राहिले.

हिशेब मांडून पाहा. तीस खोल्यांची चाळ, खोलीमागे महिना वीस रुपये भाडे. महिन्याचे सहाशे रुपये. त्यात मालकाने घरपट्टी भरायची, गळकी कौले बदलायची, वाळवी लागलेले सागवानी वासे काढून नवे घालायचे. कोण करील? मालकाने हात आखडता घेतला, आणि मालकी आपली नाही म्हणून भाडेकरूनेही खर्च केला नाही. मधल्या मध्ये पागडीचा व्यवहार फोफावला : खोली हातोहात बदलताना मोठी रक्कम फिरे, त्यात मालकाचा वाटा असे, पण इमारतीच्या भिंतीला त्यातला पैसा क्वचितच लागे. हा व्यवहार राजरोस चाले, तरी त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात.

साठच्या दशकात पावसाळ्यागणिक इमारती कोसळू लागल्या. बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. कल्पना अशी : जुन्या इमारतींकडून उपकर घ्यायचा, सरकार आणि महापालिकेने त्यात भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची. बेट शहरातल्या, म्हणजे माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईतल्या, १९,६४२ इमारती या कक्षेत आल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या त्या अ वर्गात, १९५० पर्यंतच्या ब वर्गात आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, आली आणि मंडळ तिच्यात सामावले गेले. दुरुस्तीच्या खर्चाला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आणि उपकराचा पैसा कायम तोकडा. मग व्हायचे काय, तर सज्ज्याखाली लाकडी टेकू. काळबादेवी-गिरगावात एकेका चाळीने टेकूंवर वर्षानुवर्षे काढली आहेत. जिना चढताना डोके वाकवून टेकूखालून जायचे आणि धुण्याची दोरी त्याच टेकूला बांधायची, हे तिथल्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले.

दुरुस्ती परवडत नाही, तर पाडून नवी का बांधली नाही? इथे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपला एफएसआय आडवा आला. मुंबईच्या पहिल्या विकास आराखड्याबरोबर १९६७ च्या नियमावलीत हे माप आले. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते त्यावरून ठरते. १९९१ च्या नियमावलीत ते बेट शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ होते. आता तळमजला अधिक चार मजल्यांची गिरगावातली चाळ डोळ्यांपुढे आणा. ती बांधली तेव्हा एफएसआय नव्हताच. तिने आधीच सव्वादोन-अडीच पट बांधकाम केलेले. ती पाडली तर नव्या नियमाने जेमतेम निम्मे बांधता येणार. मग निम्म्या भाडेकरूंनी जायचे कुठे? शहराची गर्दी कमी व्हावी म्हणून आणलेल्या नियमाने जुनी इमारत नव्याने बांधण्याची वाटच बंद केली. या प्रश्नाची सगळी मेख, माझ्या मते, इथे आहे.

ऐंशीच्या दशकात वाटा शोधल्या गेल्या. १९८५ मध्ये केंद्राने मुंबईसाठी १०० कोटी रुपयांचे पंतप्रधान अनुदान जाहीर केले. त्यातला काही भाग धारावीला आणि काही जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीला गेला. या पैशातून बेट शहरात बांधलेल्या ६६ पीएमजीपी (पंतप्रधान अनुदान प्रकल्पाच्या) इमारती आज स्वतःच मोडकळीला आल्या आहेत. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के भाडेकरूंनी एकत्र येऊन सोसायटी केली, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करता येईल, अशी ही तरतूद. मालक न्यायालयात गेले. तो वाद लांबत लांबत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे पोहोचला आणि प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अर्थाने ‘समाजाची भौतिक संसाधने’ ठरत नाही, असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. ज्यांच्यासाठी ही तरतूद केली, त्यातले किती भाडेकरू तोवर हयात असतील?

सरकारकडे पैसा नव्हता आणि भाडे वाढवण्याची कुणाची राजकीय हिंमत नव्हती. उरला एफएसआय. तो देताना तिजोरीतून रुपया जात नाही. १९९१ च्या ३३(७) ने उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळाचा उपकर भरणाऱ्या, इमारतींना २ एफएसआय दिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता अन्यायकारक झाली आहेत, असे स्पष्ट सांगितले. त्याच सुमारास सुकथनकर समितीने जुन्या इमारतींचा प्रश्न तपासला आणि १९९९ मध्ये ३३(७) चा चेहरा बदलला. एफएसआय २.५, किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढा आणि त्यावर ५० टक्के प्रोत्साहनपर, यात जे जास्त असेल ते. दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६० टक्के, त्याहून जास्त असतील तर ७० टक्के. प्रत्येक भाडेकरूला निदान २२५ चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि मोफत. पुढे हे क्षेत्र ३०० झाले.

या सूत्राची गोम एका उदाहरणाने कळते. एका भूखंडावर चाळीस भाडेकरू आहेत आणि प्रत्येकाला ३०० चौरस फूट द्यायचे आहेत. पुनर्वसनाला १२,००० चौरस फूट आणि त्यावर बिल्डरला विकायला ६,०००. शेजारी तेवढ्याच भूखंडावर ऐंशी भाडेकरू असतील, तर पुनर्वसन २४,००० आणि विक्रीला १२,०००. म्हणजे चाळ जितकी खच्चून भरलेली, तितका टॉवर उंच. भूखंडापुढचा रस्ता किती रुंद, पाणी किती येते, जवळ मैदान आहे का, हे प्रश्न या गुणाकारात येतच नाहीत. कागदोपत्री भाडेकरू वाढवण्याचा मोह सुटणार हे उघड होते, म्हणून १३ जून १९९६ ही तारीख ठरवून त्यानंतर निर्माण झालेले भाडेकरू मोजायचे नाहीत असा नियम करावा लागला. इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतही मोठी सूट मिळाली. अग्निशमन दलाचा बंब आत शिरणार कसा, ही काळजी तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

दुसरी गोम भावाची. सगळा खर्च विक्रीच्या घरांतून निघायचा, म्हणून जिथे घरांना चढा भाव तिथे बिल्डर दारात उभा, आणि जिथे भाव नाही किंवा भूखंड चिंचोळा तिथली चाळ टेकूवरच. मोडकळीची पर्वा बाजाराला नसते. सर्वांत धोकादायक इमारत सर्वांत आधी उभी राहावी, अशी या योजनेची रचना कधीच नव्हती आणि याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

हेच सूत्र ३३(१०) खाली झोपडपट्ट्यांनाही लागू झाले. १९९५ मध्ये युती सरकारने मोफत घरांची घोषणा केली, अफजलपूरकर समितीच्या शिफारशींवरून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख ठरली. ती पुढे सरकत राहिली. त्या योजनेचा इतिहास स्वतंत्रपणे लिहावा इतका मोठा आहे. इथे एवढेच की घर फुकट, खर्च विक्रीतून, आणि सरकारचा वाटा म्हणजे एफएसआय, हा साचा तिने पक्का केला.

उपनगरांत पाळी आली म्हाडाच्या वसाहतींची. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंत नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर : बैठ्या किंवा चार मजली इमारती, मधे ऐसपैस मोकळी जागा. ३३(५) खाली २००८ मध्ये २.५ आणि २०१३ मध्ये ३ एफएसआय मिळाला. वाढीव बांधकामाच्या बदल्यात म्हाडाने प्रीमियम घ्यायचा की घरे, यावर धोरण हेलकावे खात राहिले आणि घरांचाच आग्रह होता तेव्हा कित्येक सोसायट्यांचे काम अडून बसले. गोरेगावच्या पत्राचाळीचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरे सोडली. बिल्डरने विक्रीचे हक्क परस्पर विकले आणि रहिवासी वर्षानुवर्षे भाड्याच्या घरांत, तेही भाड्याचे पैसे थकलेले असताना. वाढीव एफएसआय देणाऱ्या कायद्यात काम अर्धवट टाकणाऱ्याविरुद्ध झटपट इलाज नव्हता, हे या चाळीने दाखवून दिले.

एकेक भूखंड सुटा बांधल्याने गल्ली बदलत नाही, हे उशिरा का होईना ध्यानात आले. २००९ मध्ये ३३(९) खाली समूह पुनर्विकासाला ४ एफएसआय मिळाला. सोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारती एकत्र घेणारा भेंडी बाजारचा प्रकल्प याच वाटेने निघाला. मला हा मार्ग इतरांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. रस्ता रुंद करायला, मलवाहिनी नव्याने टाकायला, मुलांना खेळायला जागा सोडायला इथेच वाव आहे. पण शेकडो मालक आणि हजारो भाडेकरू यांची संमती मिळवण्यात वर्षे जातात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच प्रकल्पाच्या हद्दीतली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण दगावले. काही कुटुंबे आधी संक्रमण (तात्पुरत्या) घरांत गेली होती, काही थांबली होती.

संमतीचा इतिहासही सांगायला हवा. पुनर्विकासाला सत्तर टक्के भाडेकरूंच्या संमतीची अट सैल होत होत ५१ वर आली. सहकारी सोसायट्यांसाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली २००९ मध्ये पहिली आणि ४ जुलै २०१९ ला सुधारित मार्गदर्शक तत्त्वे निघाली; या सुधारित तत्त्वांतही ५१ टक्के. पाच-सात जणांनी साऱ्या इमारतीला वेठीला धरण्याचे प्रकार यामुळे कमी झाले. पण ज्या आजींना इंग्रजी करारनाम्यातले अक्षर वाचता येत नाही, त्यांच्याकडून जिन्यात उभ्याउभ्या संमतीपत्रावर सही घेतली जाते, तेव्हा ५१ आणि ७० यांतला फरक मोठा असतो. करार मराठीतून वाचून दाखवण्याची सक्ती कायद्यात असावी, असे मला ठामपणे वाटते.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवी नियमावली लागू झाली. मूळ एफएसआय तोच ठेवून प्रीमियम (पैसे भरून घेतलेले जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून बेट शहरात ३, उपनगरांत २.५ पर्यंत जाता येते, आणि आता रस्त्याच्या रुंदीशी त्याची सांगड आहे. ज्या गोष्टीची पन्नास वर्षे वाट पाहिली, ती निदान कागदावर आली. स्वयंपुनर्विकासाला सरकारने २०१९ मध्ये सवलती दिल्या. सोसायटीने स्वतः कंत्राटदार नेमायचा आणि नफा रहिवाशांना मोठ्या घराच्या रूपाने मिळायचा. अडचण कर्जाची आणि कन्व्हेयन्सची. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल, तर बँक पैसे देत नाही.

२०१९ च्या जुलैत डोंगरीतली केसरबाई इमारत पडून दहाहून अधिक बळी गेल्यावर विधिमंडळाने म्हाडा कायदा बदलला. २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंना सहा महिने, आणि तेही जमले नाही तर म्हाडा जागा ताब्यात घेऊन बांधणार. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या तरतुदीखालच्या शेकडो नोटिसा रद्द केल्या. त्याच्या पुढच्याच महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १६० च्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. जमीन सरकारची, काम म्हाडाकडे. मालक आणि भाडेकरू यांचा तंटा तिथे नव्हता. खासगी मालकीच्या उपकरप्राप्त इमारती आजही तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत आणि दर मेमध्ये पावसाआधी त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची नवी यादी जाहीर होते.